पाणी तपासायचं, तर आधी पाणवनस्पती नीट वाढवा

नागपुरातून वाहणाऱ्या नाग नदीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला की काही दिवसांनी आकड्यांचा एक कागद हातात येतो. सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि सीओडी (पाण्यातली घाण कुजायला किंवा जळायला किती ऑक्सिजन लागेल, त्याची मापं), नायट्रेट, फॉस्फेट. जास्त पैसे भरले तर शिसं, कॅडमियम, क्रोमियम. हे आकडे गरजेचे आहेतच. पण जे शोधायला सांगितलं तेवढंच त्या कागदावर सापडतं. शहरातून वाहणाऱ्या नदीत घरांचं, दवाखान्यांचं, गॅरेजांचं, छोट्यामोठ्या कारखान्यांचं आणि पुढे शेतांचंही पाणी मिसळतं. त्यातल्या रसायनांची यादी कोणीच पूर्ण करू शकत नाही. शिवाय दोन रसायनं एकेकटी मर्यादेच्या आत असली, तरी एकत्र आल्यावर जिवाला जड जाऊ शकतात. ते आकड्यांवरून कळत नाही.

म्हणून पाण्याला दुसरा प्रश्न विचारावा लागतो: तुझ्यात जीव वाढतो का? याला जैवचाचणी म्हणतात. आपल्या कायद्यात तिला जागा आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत एक अट अशी आहे की, अजिबात विरळ न केलेल्या सांडपाण्यात मासे सोडल्यावर ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत.

अट चांगली आहे, पण एकट्या माशावर भागत नाही. तणनाशकांचं उदाहरण घ्या. विदर्भात निंदणाला मजूर मिळणं अवघड झालं तसा तणनाशकांचा वापर वाढला. अ‍ॅट्राझिनसारखं तणनाशक वनस्पतीच्या प्रकाशसंश्लेषणाची साखळी मध्येच तोडतं. मासा प्रकाशसंश्लेषण करतच नाही, त्यामुळे थोड्या मात्रेत त्याचं फारसं बिघडत नाही. मेटसल्फ्युरॉनसारखी तणनाशकं वनस्पतीतलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. काही अमिनो आम्लं तयार करण्यासाठी वनस्पतीला ते लागतं, आणि प्राण्यांच्या शरीरात ते नसतंच. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेतही लहान पाणवनस्पती वाढायच्या थांबतात, आणि मासा मात्र आरामात पोहत असतो. चार दिवसांच्या चाचणीत तो पास होतो. पण तलावात त्याला ऑक्सिजन, अन्न आणि अंडी घालायला आडोसा देणाऱ्या वनस्पतीच नष्ट झाल्या, तर पुढचं पावसाळी वर्ष तो काढणार कसा? वनस्पतीला होणारा त्रास वनस्पतीलाच विचारावा लागतो.

या कामासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी उच्च वनस्पती म्हणजे डकवीड, शास्त्रीय नाव लेम्ना. शांत पाण्याच्या कडेला २ ते ५ मिलिमीटरची हिरवी पानं दोन-दोन, तीन-तीनच्या झुबक्यात तरंगताना दिसतात. आपण सगळ्यांनाच सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. पण ही फुलझाडं आहेत, अळूच्या कुळातली. लेम्नाच्या प्रत्येक पानाखाली एकच मूळ लोंबत असतं. तिची चुलत बहीण स्पायरोडेला जरा मोठी, खालून बहुधा लालसर आणि मुळांचा झुपका असलेली. वुल्फियाला तर मूळच नसतं. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर भाषेत लेम्नाचं पान म्हणजे खरं पान नव्हे, खोड आणि पान एकत्र होऊन बनलेला तो एक अवयव आहे. इथे मात्र सोयीसाठी पानच म्हणू.

लेम्नाच का, याची कारणं तिच्या वाढण्याच्या रीतीत आहेत. ती फुलं क्वचितच धरते. आईच्या पानाच्या कडेला एक खाच असते, तिथून लेक बाहेर येते, थोडे दिवस चिकटून राहते आणि मग सुटी होते. म्हणजे एका पानापासून वाढवलेली सगळी वसाहत आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी असते. बियांपासून वाढवलेल्या रोपांत जो मूळचाच फरक असतो, तो इथे नाही. त्यामुळे दोन फ्लास्कांत वेगळं काही दिसलं, तर दोष पाण्याचा असण्याची शक्यता मोठी. वाढ इतकी वेगवान की अडीच दिवसांच्या आत पानं दुप्पट होतात. आणि ती मोजायला महागडं यंत्र लागत नाही, डोळे आणि धीर लागतो.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. नागपूरच्या अंबाझरी तलावात जलपर्णी पसरली की आपण म्हणतो, पाणी दूषित झालं. ते बरोबर आहे, पण ते वेगळ्या अर्थाने. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस खाऊन जलपर्णी माजते. म्हणजे ती पाण्यात खत जास्त झाल्याचं सांगते, विष किती आहे ते सांगत नाही. प्रयोगशाळेतल्या चाचणीचा प्रश्न नेमका उलटा असतो. खाणंपिणं, उजेड, ऊब सगळं पोटभर दिलं, तरीही वनस्पती वाढत नसेल, तर पाण्यात तिला अडवणारं काय आहे? त्याचप्रमाणे नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिडसारख्या पद्धतीत वनस्पतींच्या मदतीने सांडपाणी स्वच्छ करतात, तेही काम निराळं. तिथे वनस्पती राबते, इथे ती साक्ष देते.

आणि साक्षीदार निरोगी हवा. या सगळ्या विषयातली माझ्या मते सर्वात महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. चाचणी सात दिवसांची असते, पण तिच्या आधीची तयारी काही आठवड्यांची. लेम्नासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २२१ क्रमांकाची मार्गदर्शिका २००६ साली आली. तलावातून आणलेली लेम्ना चाचणीत वापरण्यापूर्वी किमान आठ आठवडे प्रयोगशाळेतल्या पोषक द्रावणात वाढवावी, असं ती सांगते. सक्करदऱ्याच्या तलावातून सकाळी आणलेली पानं दुपारी बीकरमध्ये टाकून चालत नाही. ती आधीच कशाकशाला तोंड देऊन आलेली असतात. तिथल्या विषाला सरावलेलीही असू शकतात.

शिवाय ती एकटी येत नाहीत. मुळांना शैवालाचे धागे, पानांखाली गोगलगायींची अंडी, सगळीकडे जिवाणू. यातलं शैवाल सर्वात त्रासदायक. पोषक द्रावण आणि उजेड मिळाला की ते लेम्नाच्या आधी फोफावतं आणि अन्न खाऊन टाकतं. म्हणून पहिली पायरी निर्जंतुकीकरणाची. पानं स्वच्छ पाण्यात हलवून धुवायची, मुळं कापून टाकायची, मग अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, म्हणजे विरळ केलेल्या ब्लीचमध्ये, अर्धा मिनिट ते पाच मिनिटं बुडवायची आणि निर्जंतुक पाण्याने धुऊन नव्या द्रावणात सोडायची. दुसऱ्या दिवशी बहुतेक पानं पांढरीफटक पडलेली दिसतात. पहिल्यांदा करणारा विद्यार्थी घाबरतो, सगळं मेलं म्हणतो. त्याला थांबायला सांगायचं. काही पानांच्या त्या खाचेत, आत दडलेला वाढीचा ठिपका वाचलेला असतो. काही दिवसांनी पांढऱ्या पानाच्या कडेतून हिरवं बारीक टोक बाहेर येतं. तेच आपलं स्वच्छ बीज. पुढची सगळी वसाहत त्याच्यावर उभी करायची.

मग ती राखायची. घरात दह्याचं विरजण राखतात तसंच हे काम: थोडी निरोगी कोवळी पानं दर काही दिवसांनी ताज्या द्रावणात हलवायची, जुनी टाकून द्यायची. पानं एकमेकांवर चढू लागली की वाढ मंदावते, खालची पिवळी पडतात आणि अशी वसाहत चाचणीला निरुपयोगी. बराच काळ काम नसेल तर ४ ते १० अंश सेल्सियसला मंद उजेडात ती हळूहळू जगत ठेवता येते. एक संच दुसऱ्या इमारतीत ठेवावा, हा माझा आग्रह. एका रात्रीच्या बिघाडात महिन्यांचं काम वाया जातं.

पोषक द्रावण म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात मोजून विरघळवलेले क्षार. लेम्ना मायनरसाठी वापरल्या जाणाऱ्या स्वीडिश द्रावणात लिटरमागे ८५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, १३.४ मिलिग्रॅम पोटॅशियम फॉस्फेट, शिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि लोह, मँगनीज, जस्त, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, कोबाल्ट चिमूटभर. सामू ६.५. नळाचं पाणी इथे चालत नाही, त्यात क्लोरीन असतं, आणि बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार सगळा हिशेब बिघडवतात. द्रावणातल्या एका घटकाकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवं: ईडीटीए, धातूंना धरून ठेवणारं एक रसायन. लोह पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून तो घालतात. पण तो लोहाइतक्याच आनंदाने तांबं, कॅडमियम, जस्तही पकडून ठेवतो. पकडलेला धातू वनस्पतीला फारसा बाधत नाही. म्हणजे धातूंनी दूषित पाणी तपासताना ईडीटीए जास्त असेल, तर पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. अहवालात द्रावणाचं नाव का लिहावं लागतं, ते इथे कळतं.

तापमान हवं २४ अंश, दोन अंश इकडेतिकडे. नागपूरच्या मे महिन्यात हे वाक्य वाचायलाच सोपं आहे. बाहेर ४५ अंश असताना खोलीत कूलर लावून भागत नाही. कूलर हवा गार करतो, पण किती गार, ते बाहेरच्या कोरडेपणावर ठरतं, आणि जूनमध्ये ढग आले की तो हातच टेकतो. वर त्याची ओली हवा धूळ आणि बुरशीचे बीजाणू थेट फ्लास्कांवर आणते. म्हणून एसीची बंद खोली किंवा वाढीसाठीचं खास कपाट, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. उजेड अखंड, दिवसरात्र, साधारण ६,५०० ते १०,००० लक्स (लक्स हे उजेडाचं माप), आणि सगळ्या फ्लास्कांवर सारखा. घरातल्या ट्यूबलाइटखाली काही शे लक्सच मिळतात, म्हणून दिवे जास्त आणि जवळ लावावे लागतात. कडेच्या फ्लास्कला उजेड कमी पडतो. त्यामुळे फ्लास्कांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या आणि मधूनमधून बदलायच्या.

आता प्रत्यक्ष चाचणी. चाचणीआधी सात ते दहा दिवस पानं ताज्या द्रावणात, चाचणीच्याच उजेडात आणि तापमानात सरावून घ्यायची. नमुन्याचं पाणी गाळून त्यातलं शैवाल काढायचं. मग ते वेगवेगळ्या प्रमाणात विरळ करायचं, निदान पाच पायऱ्या, प्रत्येकी तीन फ्लास्क. सोबत नुसत्या द्रावणाचे फ्लास्क, ज्यांना कंट्रोल म्हणतात. प्रत्येकात ९ ते १२ पानं. सात दिवसांत निदान तीनदा पानं मोजायची, बारीक डोकावणारी कळीही मोजायची. शेवटी पानांचं क्षेत्रफळ किंवा ६० अंशाला वाळवून वजन. पानं पिवळी पडली का, मेली का, झुबके फुटून सुटे झाले का, मुळं आखूड राहिली का, हेही लिहायचं. आकड्यात न मावणारी ही निरीक्षणं पुष्कळदा जास्त सांगून जातात.

नाग नदीसारख्या पाण्याच्या बाबतीत एक खास काळजी घ्यावी लागते. त्यात मैल्याचं पाणी असल्याने नायट्रोजन, फॉस्फरस भरपूर. तसंच वापरलं तर लेम्ना त्यात कंट्रोलपेक्षा जोमाने वाढू शकते, आणि थोडं विष असलं तरी खताच्या जोरावर ते झाकलं जातं. म्हणून विरळ करतानाच प्रत्येक फ्लास्कमध्ये पोषक क्षार घट्ट द्रावणाच्या रूपाने घालतात. अन्न कुठेच कमी पडणार नाही असं झालं, की उरलेला फरक मुख्यतः विषाचा. सामूही पाहायचा. मैल्याच्या पाण्यात अमोनिया असतो, आणि वाढत्या वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातात तसा सामू वर चढतो. सामू चढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. म्हणजे नमुन्यात नसलेलं विषारीपण फ्लास्कमध्येच तयार होऊ शकतं.

निकाल कसा काढतात, ते मनाशी धरलेल्या आकड्यांवर पाहू. कंट्रोलमध्ये १० पानं सात दिवसांत ८० झाली. म्हणजे १० ची २०, २० ची ४० आणि ४० ची ८०, तीनदा दुप्पट. नमुन्याच्या एका पायरीत १० ची २८ झाली, म्हणजे जवळपास दीड वेळाच दुप्पट. तीनऐवजी दीड, म्हणून वाढीचा वेग निम्म्यावर आला, म्हणजे रोध (वाढीत झालेली घट) ५० टक्के. हाच हिशेब नुसत्या संख्येने केला तर? कंट्रोलमध्ये ७० पानं नवी आली, नमुन्यात १८. म्हणजे रोध ७४ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, मोजमाप वेगळं आहे. वर्तमानपत्रात कोणी नुसतंच “वाढ ७४ टक्के घटली” असं लिहिलं, तर वेग की संख्या, हे विचारायला हवं. ज्या मात्रेला वाढ निम्म्यावर येते तिला ईसी-५० म्हणतात. ती जितकी लहान, तितकं पाणी जास्त विषारी.

पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा कंट्रोलमधली पानं अडीच दिवसांच्या आत दुप्पट झालेली असतात. सात दिवसांत साधारण सातपट. नाही झाली, तर चाचणी रद्द. नमुन्याचा निकाल कितीही ठळक दिसत असला तरी रद्द. स्वच्छ द्रावणातही जी वनस्पती रडतखडत वाढते, तिच्या साक्षीवर कोणत्याही कारखान्याला दोषी ठरवता येत नाही, आणि निर्दोषही नाही. निकालाच्या कागदावर कंट्रोलची वाढ दिलेली नसेल, तर मी बाकीचे आकडे वाचत नाही. वसाहतीची संवेदनशीलता टिकून आहे ना, हे पाहायला ३,५-डायक्लोरोफेनॉलसारख्या ठरलेल्या विषावर अधूनमधून चाचणी घेतात. मागच्या वेळेसारखंच उत्तर आलं, तर वसाहत ठीक.

लेम्नाला सगळंच कळतं असंही नाही. ती एकदल वनस्पती आहे. गव्हाधानाच्या शेतात रुंद पानांचं तण मारायला २,४-डी वापरतात, ते मुख्यतः द्विदल वनस्पतींना मारतं. लेम्नाला त्याचा त्रास बराच कमी होतो. आणि ती तरंगते, त्यामुळे तळाच्या गाळात काय साठलंय ते तिला कळतच नाही. आपल्याकडे ही मोठी उणीव ठरते. नाग नदीचं पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. धरणात पाणी संथ झालं की गाळ खाली बसतो, आणि गाळाला चिकटलेले धातू आणि रसायनंही त्याच्यासोबत बसतात.

या दोन उणिवांसाठी मिरिओफायलम ही द्विदल, मुळं रोवणारी, पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती घेतली गेली. २०१४ साली तिच्या दोन पद्धती आल्या. एकीत गाळ नसतो. निर्जंतुक फांद्या तीन टक्के साखर घातलेल्या द्रावणात वाढवतात. साखर असल्याने एखादा जिवाणू जरी आत शिरला तरी दोन दिवसांत द्रावण गढूळ होतं आणि लबाडी चालत नाही. दुसरीत वाळू, केओलिन माती आणि थोडं पीट मिसळून कृत्रिम गाळ करतात, त्यात फांद्यांची शेंडी रोवून सात दिवस मुळं धरू देतात आणि मग १४ दिवस चाचणी. फांदीची लांबी आणि वजन मोजतात. लेम्नापेक्षा हे काम हळू आहे, जागा जास्त खातं, आणि चांगल्या, सारख्या जोमाच्या फांद्या पुरेशा मिळवणं हीच खरी कसोटी.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत हायड्रिला असतेच. नरसाळं उपडं घालून तिचे बुडबुडे मोजण्याचा प्रयोग मराठी शाळेतल्या पिढ्यांनी केला आहे. ती इथलीच आहे, आपल्या तापमानाला सरावलेली आहे. अभ्यासासाठी ती जरूर वापरावी. फक्त तिच्यावरचे निकाल थेट लेम्नाच्या आंतरराष्ट्रीय आकड्यांशी ताडू नयेत. एक कळकळीची विनंतीही इथेच: मत्स्यपेटीच्या दुकानातून आणलेली किंवा प्रयोगशाळेतली कोणतीही पाणवनस्पती फुटाळा तलावात किंवा नाल्यात टाकू नका. उरलेली वसाहत उकळून किंवा ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच) फेकायची. आज आपल्या तलावांवर माजलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे.

ज्यांना वर्षभर वसाहत राखणं जमणार नाही, त्यांच्यासाठी २०१७ साली स्पायरोडेलावर एक पद्धत आली. ही वनस्पती प्रतिकूल काळासाठी जाड, गडद कंद धरते. ते थंड, अंधाऱ्या जागी महिनोन्‌महिने टिकतात. गरज पडली की उजेडात रुजवायचे आणि त्यातून आलेल्या पहिल्या पानाची वाढ ७२ तास मोजायची. एसी बंद पडण्याच्या भीतीने ज्यांनी हे काम हाती घेतलं नाही, अशा लहान महाविद्यालयांसाठी मला हा मार्ग फार आशादायक वाटतो. कंद फ्रिजच्या एका कप्प्यात राहतात.

समजा अंबाझरीच्या खाली, सीताबर्डीजवळ, महालात आणि पारडीच्या पुढे असे नमुने घेतले आणि एका ठिकाणच्या पाण्यात लेम्ना पिवळी पडली. इथून रसायनशास्त्राकडे परत जायचं, पण आता अंधारात चाचपडत नाही. त्याच नमुन्याचे भाग करायचे. एकात ईडीटीए वाढवून घालायचा. वनस्पती सुधारली, तर संशय तांबं, जस्त, कॅडमियमसारख्या धातूंवर. एक भाग सक्रिय कोळशातून गाळायचा. सुधारली, तर सेंद्रिय रसायन, तणनाशक किंवा तसं काही. एकात सोडियम थायोसल्फेट, त्याने सुधारली तर क्लोरीन. एक भाग झिओलाइट या अमोनिया शोषणाऱ्या खनिजातून काढायचा, त्याने सुधारली तर अमोनिया. संशयित ठरला की महागड्या यंत्रावर तेवढंच तपासायचं. आणि नमुना एकदाच घेऊन थांबायचं नाही. सकाळचा, रात्रीचा, सुटीच्या दिवशीचा आणि पहिल्या पावसानंतरचा, असे वेगवेगळे घ्यायचे, कारण नाल्यात काय आणि केव्हा सोडलं जातं, हे नमुना घेणाऱ्याच्या सोयीने ठरत नाही.